आत गेलेला शेजारी

शोकिरच्या आईच्या दारातून तुर्गुन-अका आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. निदान कॅमेऱ्याचं म्हणणं तसं होतं.

फरगान्याच्या बाजारातल्या आपल्या पडद्यांच्या दुकानात बसून शोकिरने मोबाईल पुन्हा पुन्हा चाळून पाहिला. मर्गिलानमधली त्यांची गल्ली, घराचा निळा दरवाजा, आणि काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन उंबरा ओलांडणारे, पांढऱ्या मिशांचे शेजारी. त्यानंतर एक मांजर. त्यानंतर द्राक्षवेलीचं एक वाळकं पान, मोठ्या ऐटीत खाली उतरणारं. त्यानंतर काहीच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तुर्गुन-अका, पुन्हा बाहेरूनच आत. तिसऱ्या दिवशीही तेच. माणूस रोज आत जातो आणि एकदाही बाहेर येत नाही, हे गणित शोकिरला सुटेना. गणितात तो शाळेतही कच्चाच होता, पण शाळेतलं गणित सोडून देता येत होतं. या गणितात त्याची आई होती.

कॅमेरा त्यानेच लावला होता. वडील गेल्यावर त्याची आई मुअत्तरखान त्या घरात एकटी उरली. मुलाने आईचं घर धरून राहायचं आणि सुनेने पहाटे उठून दारापुढची गल्ली झाडायची, हा रिवाज. पण मुलांच्या शाळेचं निमित्त झालं आणि शोकिर बायकोमुलांसकट फरगान्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. फरगाना म्हणजे काही परदेश नव्हे. गाडीत बसून माणसाला धड डुलकीही लागत नाही, तोवर मर्गिलान येतं. पण जवळ राहणाऱ्याला ‘उद्या जाऊ’ म्हणायची जी सोय असते, ती दूरच्याला नसते. मोहल्ल्यातल्या बायका टोमणे मारू लागल्या, की मुअत्तरखानची सून गेली आणि झाडू म्हातारीच्या हाती आला. शोकिरला ते लागलं. त्याने दरवाजाच्या चौकटीवर कॅमेरा बसवला. भिंतीला कान असतात म्हणतात, त्याने डोळाही लावून दिला आणि कर्तव्य पार पडल्याच्या समाधानात परत गेला.

कॅमेरा साधा होता, बॅटरीवरचा. दारापुढे काही हललं की जागा होई, चहाचा घोट घ्यावा इतका वेळ टिपे, शोकिरच्या मोबाईलवर टिंग करी आणि बॅटरी वाचवायला पुन्हा डोळा मिटून घेई. आवाज त्याला टिपता येत नव्हता. विकणाऱ्याने या डोळा मिटण्याबद्दल बरंच काही सांगितलं होतं. शोकिरने ते, त्याची गिऱ्हाइकं पडद्याच्या अस्तराबद्दल ऐकतात तसं ऐकलं, म्हणजे मान डोलावली.

रोज संध्याकाळी दुकान आवरताना तो दिवसभराचे तुकडे एकापाठोपाठ एक पाही. ओयी गल्ली झाडतेय. (आईला तो ओयी म्हणे, तिथे सगळेच म्हणतात, आणि वयाने मोठ्या पुरुषाच्या नावामागे ‘दादा’ म्हणून अका लावतात.) ओयी शेजारणीला वाडगा देतेय. वाडगा परत येतोय, आणि भरून येतोय, कारण दुसऱ्याचा वाडगा रिकामा परत करणारी बाई मर्गिलानमध्ये अजून जन्मायची आहे. दूधवाली. मांजर. पुन्हा ओयी. चहा निवायच्या आत अख्खा दिवस बघून होई. “ओयीचं झकास चाललंय,” तो घरी जाऊन बायकोला, दिलफुजाला सांगे. “नुसती धावपळ. आपल्यापेक्षा तिच्याकडे वर्दळ जास्त.”

आणि आता या वर्दळीतला एक माणूस आत जाऊन बाहेर येत नव्हता.

दिलफुजाने ते तुकडे दोनदा पाहिले. तुर्गुन-अका विधुर. जन्मभर बस चालवली, मुली लग्न होऊन लांब गेल्या, दोन वर्षांपूर्वी बायकोही गेली. या सगळ्या गोष्टी तिने मनात ओळीने मांडल्या आणि ती काही बोलली नाही, याचीच शोकिरला जास्त भीती वाटली.

“अगं, पण मग ते बाहेर जातात कुठून?” त्याने विचारलं.

“मागच्या भिंतीवरून,” दिलफुजा शांतपणे म्हणाली.

“साठी उलटलीय त्यांची. उठताना गुडघे धरतात.”

“आमच्याकडे उठताना धरतात. प्रेमात माणसाचे गुडघे दुखत नाहीत म्हणे.”

शोकिरने त्या रात्री पुलाव अर्धा टाकला. तरीही त्याने मनाची समजूत घातली असती. नवरा असल्यामुळे स्वतःची समजूत घालायची त्याला सवय होती. पण गुरुवारी दुपारी मोबाईल वाजला आणि जे दिसलं त्यावर समजूत चालेना. दारात तुर्गुन-अका उभे होते. त्यांनी कापडाची गाठ ओयीपुढे धरली. ओयीने गाठ सोडली, आतला गोल नान काढला, दोन्ही हातांनी मोडला, अर्धा त्यांना दिला. तुर्गुन-अकांनी छातीवर हात ठेवून मान खाली घातली. तुकडा संपला.

आता नान मोडणं म्हणजे काय, हे मर्गिलानच्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. मागणी घालायला आलेले लोक कापडात नान बांधून आणतात, आणि मुलीकडच्यांनी तो मोडला की लग्न ठरलं. मोडलेला नान जोडता येत नाही, आणि दिलेला शब्द मोडता येत नाही. इथे तर वडीलधारं कोणी नाही, मध्यस्थ नाही, नवरीने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या दारात, भर दुपारी नान मोडला होता.

शोकिरने तो तुकडा अंदिजानला दिलेल्या आपल्या थोरल्या बहिणीला, जुहराला पाठवला. सल्ला विचारण्यापुरता, कोणाला दाखवू नकोस असं बजावून. जुहराने तो फक्त आपल्या जावेला दाखवला, तोही असंच बजावून. जाऊबाई माहेरच्या मर्गिलानच्या. बातमी फरगान्याहून अंदिजानला गेली आणि तिथून वळसा घालून ओयीच्या शेजारच्या गल्लीत उतरली. वाटेत तिला पाय फुटलेच होते, आता अंगावर दागिनेही चढले. निकाह झालाय, असं चौकातल्या दुकानात बोलत होते. मुलाला कळवलं नाही, कारण मुलाने तरी आईला काय कळवलं होतं जाताना, असंही कोणीतरी म्हणालं.

शुक्रवारपासून शोकिरच्या मोबाईलला उसंत राहिली नाही. टिंग, एक बाई झाकलेलं ताट घेऊन आत. टिंग, दोघी बाया, हातात मिठाईची पुडकी. टिंग, तीन बाया आणि एक कलिंगड. शोकिर हातातलं कापड टाकून प्रत्येक तुकडा पाही. मुबारकबाद द्यायला येतायत, म्हणजे खरंच आहे. बातमी त्याच्याच खिशातून निघाली आहे आणि आता स्वतःचाच पुरावा होऊन त्याच्याकडे परत येते आहे, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. माणूस स्वतः पेटवलेल्या चुलीचा धूर बघून ‘कुठेतरी आग लागलीय’ म्हणत धावतो, तशातली गत.

ओयीला यातलं काहीच माहीत नव्हतं. बाया येत, अंगणातल्या तख्तपोसावर, म्हणजे कठड्याच्या रुंद लाकडी पलंगावर बसत, इकडेतिकडे बघत, चहा पीत. उघड विचारणं शिष्टाचारात बसत नाही, म्हणून कोणी म्हणे, “चेहऱ्यावर काय तेज आलंय हो,” कोणी म्हणे, “एकटीचं आयुष्य ते काय आयुष्य.” ओयीला भरून येई. ज्या बायका तिच्या नवऱ्याच्या चाळिसाव्यानंतर उंबऱ्याशी फिरकल्या नव्हत्या, त्यांना आपली आठवण झाली. तिने ठेवणीतले प्याले काढले, जर्दाळूंचा मुरंबा उघडला, आणि तीन दिवस ती मनापासून सुखात होती.

रविवारी शोकिर, दिलफुजा आणि ओयीचे धाकटे भाऊ एर्गाश मामा असे तिघे मर्गिलानला आले. मामा रागाने फुगले होते. बहिणीने लग्न केलं याचा राग होताच, पण आपल्याला न विचारता केलं याचा अधिक होता. त्यांनी मोहल्ल्याचे अक्साकाल, म्हणजे वडीलधारे पंच, युल्दोश-अका यांनाही बोलावून घेतलं होतं, कारण असल्या गोष्टींचा निवाडा करायचा तर पांढरी दाढी लागते. ओयीने इतकी माणसं एकदम पाहिली आणि पुलावाची मोठी कढई चुलीवर चढवली.

अन्न पुढे असताना कडू बोलू नये, त्यामुळे निवाडा लांबला. पुलाव झाला. मग खरबूज झालं. मग चहा. एर्गाश मामांनी तिसऱ्यांदा पुलाव घेतला तेव्हा त्यांचा राग अर्धाअधिक उतरला होता, आणि तो परत चढवायला त्यांना मोठे कष्ट पडले. शेवटी अक्साकालांनी तोंडावरून हात फिरवून जेवणाचा दुवा म्हटला आणि मामांनी शोकिरला खूण केली. शोकिरने मान वर न करता मोबाईल आईपुढे ठेवला.

ओयीने चष्मा लावला. स्वतःला पाहून तिला आधी गंमत वाटली. “माझा रुमाल किती विटलेला दिसतो यात,” ती म्हणाली. मग नान मोडला गेला, तुर्गुन-अकांनी मान खाली घातली, आणि तिने सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. कोणीच तिच्याकडे बघत नव्हतं. तिने मोबाईल बाजूला सारला. उठली, दारात गेली, आणि गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, “तुर्गुन-अका, आजचा नान घेऊन या. कसाही असला तरी आणा.”

तुर्गुन-अका आले. शोकिरचा मोबाईल टिंग वाजला. देवडीत येऊन ते नेहमीच्या जागी उभे राहिले आणि आत बसलेली पंचायत बघून गांगरले. ओयीने त्यांच्या हातातला नान घेतला, मोडला, आणि अर्धा एर्गाश मामांच्या हातावर ठेवला.

“दाब,” ती म्हणाली. “मध्ये दाब. काय लागतं हाताला?”

मामांनी दाबलं. बोट आत रुतलं आणि पीठ लागून बाहेर आलं.

“कच्चा आहे,” मामा म्हणाले.

“रोज कच्चा असतो. यांची सलीमा गेल्यापासून तिचा तंदूर बंद पडला होता. या माणसाच्या मनात आलं, बायकोसारखा नान आपण स्वतः भाजायचा. निम्मे तंदुरात पडतात, उरलेले असे निघतात. मी मोडून दाखवते, कुठे चुकलं ते सांगते, बोलते, आणि हे मान खाली घालून ऐकून घेतात. दारात उभं राहून. उजेडात. घरात पुरुषमाणूस नाही म्हणून आजवर मी त्यांना देवडीच्या आत चहासुद्धा विचारला नाही.”

तुर्गुन-अकांच्या लक्षात हळूहळू आलं की आपल्यावर काय आळ आला होता. त्यांचे कान लाल झाले. ते तसेच वळले आणि बाहेर पडले.

अक्साकालांनी शोकिरच्या मोबाईलकडे बोट केलं. “शोकिर,” ते म्हणाले, “तुझं ते वाजलं नाही.”

शोकिरने मोबाईल पाहिला. तुर्गुन-अका आत येताना दिसत होते. बाहेर जाताना कुठेच नव्हते. अक्साकालांनी मान उंच करून गल्लीच्या दिशेने विचारलं, “तुर्गुन, तू आत आहेस का बाहेर?”

“बाहेर,” गल्लीतून उत्तर आलं.

“कॅमेरा म्हणतो, आत आहेस.”

मग तुर्गुन-अका म्हणाले, “तर मग त्याच्याशीच लावा निकाह.”

मग सगळ्यांनी करून पाहिलं. मामा बाहेर गेले, कॅमेरा निजलेलाच. आत आले, तरी निजलेला. थोड्या वेळाने अक्साकाल स्वतः उठून गेले तेव्हा तो जागा झाला आणि त्याने त्यांना टिपलं. ते लगेच परत आले, तोवर याचा पुन्हा डोळा लागला होता. ज्याला पूर्ण दिसत नाही तो आंधळा बरा, निदान तो साक्ष द्यायला येत नाही, असं अक्साकाल म्हणाले आणि जोडे घालू लागले. शोकिरला विकणाऱ्याचं सगळं बोलणं आता शब्दाला शब्द आठवलं: एकदा टिपलं, की पुढे काही हललं तरी हा थोडा वेळ जागा होत नाही.

सगळे हसले, दिलफुजा तर डोळे पुसत हसली. ओयी हसली नाही. ती तख्तपोसाच्या कडेला बसून मुरंब्याच्या रिकाम्या बरणीकडे बघत होती.

“म्हणजे त्या बाया,” ती म्हणाली, “मला भेटायला नव्हत्या आल्या.”

शोकिरला वाटलं, आपल्या पायाखालची फरशी दुभंगावी आणि आपण कॅमेऱ्यासकट आत जावं.

एर्गाश मामा मात्र रागाच्या उंटावरून खाली उतरायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, आपल्याला पटलं म्हणजे मोहल्ल्याला पटलं असं नाही. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? पुरावा हवा. न झोपणारा कॅमेरा लावा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत अखंड टिपणारा, आणि ज्याला शंका असेल त्याला बसवून दाखवा. शोकिरला ही कल्पना पटली, कारण अपराधी माणसाला काहीतरी करायला मिळालं की बरं वाटतं. त्याने विजेच्या तारेवर चालणारा नवा कॅमेरा आणला आणि अंगण, देवडी, दरवाजा सगळं दिसेल असा आतल्या खांबावर बसवला. आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “लाव बाबा. लपवण्यासारखं काही असतं माझ्याकडे, तर मी इतकी कंटाळले असते का?” शोकिर हसला. त्याला तो विनोद वाटला.

आठवड्याने अक्साकालांना दाखवण्यासाठी त्याने एक दिवस निवडला. आधी आपण पाहून घ्यावा म्हणून दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा बसला. त्याला वाटलं होतं, नेहमीप्रमाणे चहा निवायच्या आत होईल.

ओयीने गल्ली झाडली, पाणी शिंपडलं, आत आली. तख्तपोसावर बसली, दरवाजाकडे तोंड करून. आणि बसूनच राहिली. शोकिरने वाट पाहिली. चित्र थांबलंय असं वाटून त्याने मोबाईल हलवला, पण चित्र चालू होतं. वेलीची सावली अंगणात सरकत होती. त्याने चित्र पळवलं. सावली पळू लागली, ओयी तिथेच. तिने चहा केला, रिवाजाप्रमाणे प्याल्यात ओतून तीनदा किटलीत परत ओतला, मग प्याला भरून पुढे ठेवला आणि तो प्यायची विसरली. गल्लीत एखादी गाडी हळू झाली की तिचा हात डोक्यावरच्या रुमालाकडे जाई, ती अर्धवट उठे, गाडी पुढे जाई आणि ती पुन्हा बसे. असं किती वेळा झालं ते शोकिरने मोजलं नाही. त्याला पुढे पुढे चित्र पळवण्याचं धाडस होईना.

बाया येत नव्हत्या. बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं, मग कशाला येतील? तुर्गुन-अकाही येत नव्हते. त्या रविवारनंतर त्यांनी या दारात पाय ठेवला नव्हता. पण दुपार कलली तेव्हा, त्यांची नान घेऊन यायची वेळ झाली तशी ओयी उठली, हात पुसले, देवडीत जाऊन उभी राहिली. थोडा वेळ उभी राहून परत आली. गल्ली झाडून आल्यावर ती दारापर्यंत गेली ती एवढीच.

शोकिरला आपला जुना कॅमेरा आठवला. हललं तेवढं तो टिपायचा आणि आपण ते एकाला एक जोडून ‘नुसती धावपळ’ म्हणायचो. त्या दोन तुकड्यांच्या मध्ये जे होतं, ते म्हणजे आईचा दिवस होता. आणि त्या दिवसात एक माणूस येऊन दारात उभा राहत होता, तोही आपण बंद पाडला. दुकानात एक बाई पडद्याचं कापड बघायला आली, तिने मालकाचे डोळे पाहिले आणि मग येते म्हणून निघून गेली.

अक्साकालांना त्याने कळवून टाकलं की दिवस बघितला, त्यात काही नाही. मग तो आपल्या परीने एका निर्णयाला आला. निर्णय मोठा होता आणि त्याला स्वतःच्या मोठेपणाचं थोडं कौतुकही वाटलं. त्याने दिलफुजाला पटवलं, जुहराला फोनवर पटवलं. एर्गाश मामांना पटवायला एक दिवस आणि एक पुलाव लागला. मग तो एकटाच मर्गिलानला गेला, आईसमोर मांडी घालून बसला आणि पाठ केलेलं बोलला. लोक काय म्हणतील याची पर्वा आपण करायची नाही. आयुष्य एकट्याने काढायला नसतं. तुर्गुन-अका चांगला माणूस आहे. आमची सगळ्यांची संमती आहे. आईच्या डोळ्यांत पाणी येईल म्हणून त्याने रुमालही तयार ठेवला होता.

ओयी ऐकत राहिली आणि मग हसायला लागली. हसता हसता तिने तख्तपोसाच्या कठड्याला धरलं.

“अरे, एका पुरुषासाठी मी जन्मभर नान भाजला. तुर्गुन-अकांना शिकवत होते, ते त्यांनी स्वतःचा स्वतः भाजावा म्हणून. आता पुन्हा मलाच तंदुरापुढे बसवतोस?”

“पण ओयी, तुम्ही एकट्या आहात.”

“हे तुला आज कोणी सांगितलं?”

“मी पाहिलं. नव्या कॅमेऱ्यात. अख्खा दिवस पाहिला.”

“अख्खा?” ओयीचं हसू थांबलं. “सकाळपासून?”

“सकाळपासून संध्याकाळपर्यंत.”

“कुठे बसून?”

“दुकानात.”

ओयीने कठड्यावरचा हात काढला. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर शोकिरला सोपं गेलं असतं.

“दिवसभर बसायला वेळ होता तुझ्याकडे, शोकिरजान,” ती म्हणाली. “तर मग इथे येऊन बसायचं होतंस. मी इथेच तर होते.”

शोकिरला काहीतरी बोलायचं होतं, गिऱ्हाइकांबद्दल, मुलांच्या शाळेबद्दल. त्याने मोबाईल खिशात घातला आणि तसाच बसून राहिला. ओयीने त्याच्या पाठीशी एक उशी सारली आणि पुढ्यात गाजरांची टोपली ठेवली. त्याने गाजरं सोलली, वाईट सोलली, आणि तिने ती न बोलता पुन्हा सोलली. कॅमेरा खांबावरून सगळं टिपत होता आणि ते बघायला दुकानात कोणी नव्हतं.

दुपार कलली तशी ओयीची नजर देवडीकडे जाऊन आली. ती स्वतः उठली नाही.

“तूच जा आणि हाक मार त्यांना,” ती म्हणाली. “आज घरात पुरुषमाणूस आहे. आज शेजाऱ्याला आत घेता येतं.”

तुर्गुन-अकांना तीन हाका माराव्या लागल्या. अखेर ते आले, काखेत कापडाची गाठ, आणि सवयीने देवडीतच थबकले. चौकटीवरच्या जुन्या कॅमेऱ्याकडे त्यांनी एकदा तिरप्या नजरेने पाहिलं. शोकिर पुढे झाला, छातीवर हात ठेवून वाकला, आणि त्या रविवारची सगळी माफी एका शब्दात मावली, “या.” तुर्गुन-अका क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी गुडघा धरून जोडे काढले.

ते बसले, आणि बसले ते बसलेच. पहिल्या प्याल्याला ते पाहुण्यासारखे बोलले. दुसऱ्याला बस चालवतानाच्या गोष्टी निघाल्या. तिसऱ्याला ते आणि ओयी तंदुराच्या आचेवरून असे भांडू लागले, की शोकिरला मध्ये पडावं की नाही कळेना. आईला इतक्या मोठ्या आवाजात बोलताना ऐकून किती दिवस झाले, ते त्याला आठवेना. दिलफुजाचा फोन आला. कुठे आहात, जेवायला कधी येताय, तिने विचारलं.

शोकिरने तोंडावर हात धरून हळूच सांगितलं, “वाढून घ्या तुम्ही. तुर्गुन-अका आत आलेत आणि बाहेर जायचं नाव घेत नाहीत.”

मग त्याने फोन ठेवला, यजमान म्हणून त्यांचा नान मोडला आणि पहिला तुकडा स्वतः तोंडात टाकला. मध्ये कच्चाच होता. दोघंही त्याच्याकडे बघत होते. “झकास झालाय,” तो म्हणाला आणि चावत राहिला.